गेम बनवायचाय, मग पहिली भाषा कोणती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी नागपुरात मानेवाड्यातल्या आमच्या घरी सात-आठ मुलं लॅपटॉप घेऊन येतात आणि हॉलमध्ये सतरंजीवर बसून गेम बनवतात. तर्री-पोहे आधी, काम नंतर. नवीन मूल आलं की त्याचा, किंवा सोबत आलेल्या आईबाबांचा, पहिला प्रश्न ठरलेला असतो. दर वेळी तोंडी सांगताना काही ना काही सुटतं, म्हणून सगळी उत्तरं इथे लिहून ठेवतोय. मुलांच्या प्रश्नाला मुलांशी बोलतो तसं उत्तर दिलंय, पालकांच्या प्रश्नाला पालकांशी बोलतो तसं.

सर, एका वाक्यात सांगा न. कोणती घेऊ?

सातवीच्या खाली असशील तर स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून कोड करायची भाषा. त्यापुढे असशील आणि डोक्यात फक्त गेमच असेल, तर गोडो हे इंजिन आणि त्याची स्वतःची भाषा जीडीस्क्रिप्ट. अकरावीला सीबीएसईचं कॉम्प्युटर सायन्स घेणार असशील तर पायथन, कारण तिथे पायथनच आहे आणि एका दगडात दोन पक्षी होतात.

हे सांगताना मी एकच कसोटी लावतो. पहिल्याच संध्याकाळी पडद्यावर काहीतरी हललं पाहिजे, आणि ते तुझ्या बोटाने हललं पाहिजे. ज्या भाषेत हे जमतं ती पहिली भाषा. मुलं शिकणं सोडतात ती भाषा अवघड म्हणून क्वचितच. पंधरा दिवस काळ्या खिडकीत आकडे बघूनही एक चौकोनसुद्धा सरकत नाही, तेव्हा सोडतात.

भाषा आणि इंजिन वेगवेगळं असतं का?

हो, आणि हे आधी नीट कळलं की निम्मा गोंधळ मिटतो. कुठलाही गेम आतून एक गोल फिरणारं चाक असतो: कोणती बटणं दाबलीत ते बघ, त्याप्रमाणे सगळ्यांच्या जागा बदल, चित्र पुन्हा काढ, परत सुरुवात. सेकंदाला 60 वेळा. म्हणजे एका फेरीला जेमतेम 16.7 मिलिसेकंद. चित्र काढणं, आवाज वाजवणं, दोन वस्तू एकमेकींना भिडल्या का ते तपासणं ही कामं इंजिन करून देतं. भिडल्यावर काय व्हायचं, ते तू भाषेतून सांगतोस.

गोडो, युनिटी, अनरिअल ही इंजिनं. जीडीस्क्रिप्ट, सी शार्प, सी प्लस प्लस या त्यांच्याशी बोलायच्या भाषा. पायथनमध्ये पायगेम नावाची लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा संच, वापरतात. तिच्यात ते चाक तुझं तुलाच फिरवावं लागतं. थोडं जास्त काम पडतं, पण चाक कसं फिरतं ते हाताला कळतं.

पबजी तर सी प्लस प्लसमध्ये बनला न? मग डायरेक्ट तेच काहून नाही शिकायचं?

हा प्रश्न विचारणारं एक तरी पोरगं दर महिन्याला येतं, आणि त्याचा उत्साह मला मोडायचा नसतो. पबजी अनरिअल इंजिनवर बनला आणि अनरिअलची भाषा सी प्लस प्लस, हे खरं आहे. पण ते काम मोठ्या पगारी टीमचं आहे. फ्री फायर युनिटीवर बनलाय. माइनक्राफ्ट मुळात जावात लिहिला गेला. स्टारड्यू व्हॅली एका माणसाने सुमारे साडेचार वर्षं एकट्याने बसून सी शार्पमध्ये केला, 2016 साली आणला. 2024 चा बालात्रो लुआ भाषेत लिहिलेला आहे, तोही एकट्या माणसाने. जगभर गाजलेले गेम असे वेगवेगळ्या भाषांत आहेत. तेव्हा भाषेच्या नावावरून गेमची उंची ठरत नाही.

सी प्लस प्लस 1985 पासून आहे आणि प्रचंड वेगवान आहे. हा वेग मिळतो कारण ती मेमरीचा बराचसा हिशोब तुझ्यावर सोपवते. तो चुकला तर गेम पुष्कळदा एक अक्षर न बोलता बंद पडतो. पायथनमध्ये किंवा जीडीस्क्रिप्टमध्ये चूक झाली तर लाल अक्षरांत सांगितलं जातं, अमुक ओळीवर अमुक घोटाळा आहे. शिकताना रोज पन्नास चुका होणार. चूक कुठे झाली हे सांगणारी भाषा हाताशी असणं म्हणजे शेजारी मोठा भाऊ बसलेला असणं.

मी स्वतः कॉलेजात असताना एका क्लासला सहा महिन्यांची फी भरली होती. सहा महिने सी आणि सी प्लस प्लस, आणि शेवटच्या दिवसापर्यंत पडद्यावर एक ठिपकाही हलला नाही. आम्ही चौदा जण होतो, गेम बनवायला म्हणून आलेले. पुढे त्यातल्या एकानेही गेम केला नाही. मीसुद्धा चार वर्षं हात लावला नाही. ती चार वर्षं मला अजून सलतात. म्हणून सांगतो, सी प्लस प्लस शिक, नक्की शिक, पण दोन-तीन गेम पुरे झाल्यावर.

पायथनमध्ये खरंच गेम होतात का? स्लो असतं म्हणतात.

होतात. पायथन 1991 ची, पायगेम 2000 पासून आहे. सापशिडी, ब्रिक तोडणं, अंतराळातली नेमबाजी, दोन मितींचा धावण्याचा गेम, हे सगळं आरामात चालतं. स्लो आहे हेही खरं, पण पडद्यावर हजारो वस्तू एकदम नाचवेपर्यंत तुझ्या लक्षातही येणार नाही. खरी अडचण पुढे येते: पायगेमचा गेम मित्राच्या मोबाइलवर पोचवायला फार खटपट करावी लागते. नागपुरातल्या कोणत्या मुलाला आपला गेम मोबाइलवर दाखवायचा नसतो? म्हणून ज्याला शाळेसाठी पायथन लागत नाही त्याला मी गोडोकडे वळवतो. जीडीस्क्रिप्टचा तोंडवळा पायथनसारखाच आहे, तेच ओळीच्या आधीचं मोकळं अंतर, तेच कोलन. एकीतून दुसरीत जायला आठवडाभर पुरतो.

जीडीस्क्रिप्ट तर फक्त गोडोत चालते. वाया नाही जाणार?

व्हेरिएबल (बदलता आकडा साठवायचा डबा), अट, लूप (तेच काम पुन्हा पुन्हा), फंक्शन (नाव दिलेलं काम), सिग्नल (काही घडलं की दिलेली हाक) हे एकदा डोक्यात बसलं की भाषा बदलणं म्हणजे वर्ध्याची बोली बोलणाऱ्याने पुण्यात जाऊन बोलणं. पहिले चार दिवस अडखळतो, मग जमतं. गोडो 2014 पासून मुक्त स्रोत आहे, एमआयटी परवान्याखाली. म्हणजे गेम विकला तरी कोणाला एक रुपया द्यायचा नाही, आणि उद्या नियम बदलले अशी भीती नाही.

ही भीती मी उगाच घालत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये युनिटीने ठराविक मर्यादेपुढे गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे लावायचं जाहीर केलं. जगभरचे गेम बनवणारे चिडले, आणि वर्षभराने कंपनीने तो निर्णय पूर्ण मागे घेतला. तेव्हापासून गोडोकडे येणाऱ्यांची रीघ लागली.

मग युनिटी आणि सी शार्प शिकूच नये का?

शिकावं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असाल आणि गेमच्या कंपनीत नोकरी हवी असेल तर थेट तिथूनच सुरुवात करा, चालेल. पोकेमॉन गो, हॉलो नाइट हे युनिटीवरचेच. सी शार्प ही नेटकी, शिस्तीची भाषा आहे आणि गेमच्या बाहेरही तिला काम आहे.

माझी मुलगी चौथीत आहे. तिला कळेल का?

अगदी छान कळेल. स्क्रॅच हे एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये लहान मुलांसाठीच तयार झालं, 2007 पासून सगळ्यांना मोफत आहे. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे, टाइप करावं लागत नाही, त्यामुळे स्पेलिंगची चूक होतच नाही. एक ठोकळा दुसऱ्यात बसत नसेल तर तो विचारच तिथे बसत नाही, हे मूल हाताने शिकतं.

आमच्याकडे तिसरीतल्या एका मुलाने तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदीची शर्यत केली होती. नंदी त्याने स्वतः कागदावर काढला, मोबाइलने फोटो घेतला, आणि बाण दाबला की नंदी पुढे. शिंगांना चवरही लावली होती. अर्ध्या तासाने तो म्हणाला, बटण दाबून ठेवलं तर नंदी दमला पाहिजे. तिथे त्याला व्हेरिएबल शिकवावं लागलं, आणि त्याला ते लागलं म्हणून कळलं. स्क्रॅचला खेळणं समजून घाई करू नका. एक वर्ष त्यात गेलं तरी गेलं.

जावा? जावास्क्रिप्ट? लुआ?

जावा आणि जावास्क्रिप्ट यांचं नावापुरतं साम्य आहे. आयसीएसईत दहावीपर्यंत जावा असेल तर तीच वापरा, मुद्दाम शोधून येऊ नका. जावास्क्रिप्टचा मोठा गुण म्हणजे ब्राउझर असला की पुरे. इंटरनेट गेल्यावर क्रोममध्ये उड्या मारणारा डायनासोर दिसतो, तो जावास्क्रिप्टच आहे. वेबसाइटची आवड असेल त्याने हाच रस्ता धरावा, फेझर लायब्ररी घेऊन. लुआ लहानशी, ब्राझीलमध्ये 1993 साली जन्मलेली भाषा. रोब्लॉक्स या ऑनलाइन गेम खेळायच्या आणि बनवायच्या जागेवर जगणाऱ्या मुलांना तिचंच एक रूप तिथे मिळतं, आणि ती मुलं फार पटकन शिकतात.

घरी जुना लॅपटॉप आहे, 4 जीबी रॅमचा. चालेल?

स्क्रॅच, पायथन, गोडो चालेल. गोडोची फाइल दीडशे एमबीच्या आसपास, इन्स्टॉलही करावी लागत नाही, पेनड्राइव्हवरून उघडते. नवीन प्रोजेक्ट करताना रेंडरर (चित्र काढायची पद्धत) विचारतो तिथे कम्पॅटिबिलिटी निवडा. जुन्या ग्राफिक्सवर तोच चालतो. युनिटीला काही जीबी जागा लागते आणि 4 जीबीत ते रडतं. अनरिअलचा विचार सोडा, त्यासाठी 32 जीबी रॅम सुचवलेली आहे.

आणि आपल्या नागपूरची एक गोष्ट. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना दुपारी दोनला लॅपटॉप तापतो, प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि मुलाला वाटतं आपला कोड बिघडला. सकाळी बसवा. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खालची हवा बंद होते. कूलरच्या ऐन झोतातही ठेवू नका, त्या हवेत पाणी असतं.

मराठी माध्यम आहे, इंग्रजी कच्चं आहे. जमेल?

जमेल, आणि हे मी धीर द्यायला म्हणत नाहीये. पायथनमध्ये राखीव शब्द फक्त 35 आहेत. इफ, एल्स, व्हाइल, फॉर, रिटर्न. एवढे शब्द जिल्हा परिषदेच्या शाळेतलं मूल आठवड्यात पाठ करतं. अडतं ते चुकीच्या संदेशापाशी. लाल अक्षरं आली की मुलं घाबरून खिडकीच बंद करतात. आमच्याकडे नियम आहे: लाल संदेश आला की आधी तो वहीत उतरवायचा, ओळ क्रमांक गोल करायचा, मग त्या ओळीकडे बघायचं. दोन महिन्यांत प्रत्येकाच्या वहीत आठ-दहा नेहमीचे संदेश जमतात, त्यांचा अर्थ समोर मराठीत. ती वही कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त कामाला येते.

व्हेरिएबलची नावं रोमन अक्षरांत पण मराठी ठेवा. टोपली, संत्री, वेग. काही बिघडत नाही आणि कोड वाचताना डोकं मोकळं राहतं.

गणित किती लागतं?

नववी-दहावीचं, पण ते खरंच लागतं. दोन गोल भिडले का ते पायथागोरसने कळतं: केंद्रांमधलं अंतर त्रिज्यांच्या बेरजेपेक्षा कमी झालं की भिडले. उजवा आणि वरचा बाण एकदम दाबला की खेळाडू 1.41 पट वेगाने तिरका पळतो. ते 1.41 म्हणजे दोनचं वर्गमूळ, मुलांना तिथे पहिल्यांदा जिवंत भेटतं. आणखी एक: शाळेत वाय अक्ष वर वाढतो. स्क्रॅच आणि युनिटीत तसाच. पायगेम आणि गोडोच्या दोन मितींत मात्र तो खाली वाढतो. म्हणून पहिल्या उडीत प्रत्येकाचा खेळाडू जमिनीत जातो. घाबरू नका, वजा चिन्ह लावा.

पहिला गेम कोणता करू?

संत्री झेलायचा. वरून संत्री पडतात, खाली टोपली डावी-उजवीकडे सरकते, झेललं तर एक गुण, तीन सांडली तर संपलं. ऐकायला लहान वाटतो, पण त्यात बटणं आहेत, हालचाल आहे, टक्कर आहे, नशीब आहे, गुण आहेत, शेवट आहे. ज्याला हा पुरा करता आला त्याला पुढचा कसाही जमतो.

यातच एक धडा लपलेला आहे. दहावीतल्या एका मुलीने तो माझ्या जुन्या लॅपटॉपवर गोडोत केला. संत्रं दर फेरीला 5 पिक्सेल खाली. छान चालला. मग तिने तोच मित्राच्या गेमिंग लॅपटॉपवर लावला आणि संत्री दगडासारखी कोसळायला लागली. तिला वाटलं, फाइल कॉपी करताना खराब झाली. मी काही बोललो नाही, फक्त वही पुढे केली. माझा पडदा सेकंदाला 60 वेळा ताजा होतो, त्याचा 144 वेळा. 60 गुणिले 5 म्हणजे 300 पिक्सेल, 144 गुणिले 5 म्हणजे 720. खिडकीची उंची 648. माझ्याकडे संत्र्याला खाली यायला दोन सेकंदांहून जास्त लागत होते, त्याच्याकडे 0.9. हे आकडे तिने स्वतः मांडले, मग पेन खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे फेरीवर नाही, वेळेवर मोजायचं." गोडोत त्यासाठी डेल्टा असतो, मागच्या फेरीला किती वेळ गेला तो. वेग 300, गुणिले डेल्टा. दोन्ही लॅपटॉपवर संत्री एकसारखी पडली. डेल्टा हा शब्द मी तिला त्यानंतर सांगितला.

गेममध्ये मराठी अक्षरं नीट दिसतात का?

हा प्रश्न विचारणारे थोडे, पण मला सगळ्यात जवळचा. देवनागरी जोडून लिहावी लागते. "जिंकलास" मध्ये वेलांटी साठवताना ज नंतर येते, दिसताना ज च्या आधी. "संत्री" मध्ये त आणि र मिळून नवीन आकार होतो. हे जोडकाम करणारा भाग इंजिनात नसेल तर अक्षरं फुटतात, वेलांटी भलत्या बाजूला जाते. गोडो 4, म्हणजे मार्च 2023 पासूनचं, हे काम बरोबर करतं. गोडो 3 करत नव्हतं. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टनेही नीट येतं. युनिटीच्या टेक्स्टमेशप्रो या अक्षरं दाखवणाऱ्या भागात मात्र देवनागरी आपोआप जुळत नाही, वेगळी सोय करावी लागते. फाँट म्हणून "मुक्त" (Mukta), बालू किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या. तिन्ही मोफत आहेत आणि गेमसोबत देता येतात. आमच्या मुलांच्या गेममध्ये "गेम ओव्हर" च्या जागी "सांडली सारी संत्री" येतं, आणि ते नीट उमटलेलं बघून मला दर वेळी भरून येतं.

एआयच कोड लिहून देतो. मग शिकायचं कायले?

विचारा त्याला, मीही विचारतो. फक्त गोडोच्या बाबतीत एक सापळा आहे: तो पुष्कळदा 3 आणि 4 ची सरमिसळ करतो. हलणाऱ्या खेळाडूसाठी कायनेमॅटिकबॉडीटूडी हे जुनं नाव लिहून देतो, आणि गोडो 4 मध्ये त्याचं नाव कॅरॅक्टरबॉडीटूडी झालेलं आहे. ज्याला भाषा येते तो एका नजरेत दुरुस्त करतो. ज्याला येत नाही तो रात्रभर एकाच जागी फिरतो. पहिला गेम स्वतःच्या हाताने टाइप कर. दुसऱ्यापासून मदत घे, पण जी ओळ समजावून सांगता येत नाही ती ठेवायची नाही.

यात करिअर आहे का? की नुसता नाद? आणि हे पैसे लावायचे गेम...

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आलेली आहे. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, मान्यता दिली. मुलं इथे करतात त्याचा जुगाराशी संबंध नाही.

करिअरचं सरळ सांगतो. नागपूरच्या विमानतळाजवळच्या मिहान या उद्योग प्रकल्पात टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस आहेत, पण त्यांचं काम वेगळं. गेमच्या कंपन्या जास्त करून पुणे, मुंबई, बेंगळुरू, हैदराबादला. "राजी: ॲन एन्शंट एपिक" हा 2020 चा गेम पुण्यातल्या एका लहानशा स्टुडिओने अनरिअलवर केला, आणि त्यात आपल्याकडच्या पुराणकथा आहेत. असं काम आपल्या बाजूला होऊ शकतं याची ती खूण आहे. पण दहावीतल्या मुलाचा गेम त्याच्या नोकरीसाठी म्हणून बघू नका. आठवड्यातून चार तास ठरवून द्या, परीक्षेच्या आधी महिनाभर बंद ठेवा. मुलं ते पाळतात, ठरवताना त्यांना विचारलं असेल तर.

गेम झाला. आता प्ले स्टोअरवर टाकू?

थांब जरा. प्ले स्टोअरच्या खात्याला एकदाच 25 डॉलर लागतात, आणि खातं अठरा वर्षांवरच्या माणसाच्या नावावर हवं. नवीन वैयक्तिक खात्याला आधी किमान 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते. पहिला गेम इच डॉट आयओ या गेमच्या वेबसाइटवर टाक, फुकट आहे. गोडोतून वेबसाठी काढ; जीडीस्क्रिप्टमध्ये लिहिलेला असेल तर निघतो, गोडो 4 मध्ये सी शार्प वापरलं असेल तर निघत नाही. मग लिंक घरच्या ग्रुपवर पाठव. आजीच्या हातात मोबाइल देऊन शेजारी बस, आणि काहीही सांगू नकोस. तिचं बोट पहिल्यांदा कुठे जातं ते बघ आणि वहीत लिही. दुसऱ्या दिवशी तिथे बटण कर.